‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’चा शेवट फसवणूक नाहीये : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी ट्रेनमध्ये परत एकदा वाचली. विज्ञानकथांच्या ह्युगो पुरस्काराच्या १९७५च्या नामांकनांवर मी जे लिहिलं त्यावरून इतकं तपशिलात जाऊन भांडणारं कोणी भेटलं याचा खरंच आनंद झाला, म्हणून उत्तरही ऐसपैस देते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते : अर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’ला त्या वर्षी ह्युगो मिळाला ते शंभर टक्के बरोबर होतं, ख्रिस्तोफर प्रीस्टच्या ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’चा शेवट म्हणजे वाचकाची फसवणूक आहे, ‘द मोट इन गॉड्स आय’ मी एका ओळीत उडवून लावली, आणि हरलेलं पुस्तक डोक्यावर घ्यायची आमच्यासारख्यांना सवयच असते.

‘मोट’चं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. निव्हन आणि पोर्नेलच्या त्या कादंबरीत आरमारी शिस्त, हुद्दे, सलाम, सरदार घराणी हे इतकं आहे की मी पहिल्या शंभर पानांतच चिडले होते आणि ती चीड लेखात उतरली. पण मोटी लोक, म्हणजे त्यातले परग्रहवासी! उजवीकडे दोन नाजूक हात, डावीकडे एक दणकट हात, आणि त्यांच्या शरीराची अशी रचना की ठरावीक काळात गर्भ राहिला नाही तर मरण. म्हणजे लोकसंख्या आवरणं शक्यच नाही, म्हणून संस्कृती उभी राहते, कोसळते, परत उभी राहते, परत कोसळते, आणि पुढच्या कोसळण्यानंतर जे उरतील त्यांना सगळं पहिल्यापासून शिकता यावं म्हणून आधीच म्युझियमं बांधून ठेवलेली. ही कल्पना तुम्ही लिहिल्यावर पुन्हा आठवली आणि अंगावर काटा आला. एवढ्या कल्पनेला एक ओळ देणं हा अन्यायच होता. तुमचं म्हणणं मान्य.

आता ले ग्विन. मी कुठेही असं म्हटलेलं नाही की ‘द डिस्पझेस्ड’ जिंकायला नको होती. माझ्या सगळ्यात आवडत्या पाच पुस्तकांत ती आहे. अनारेस या समतेवर उभ्या जगातल्या शेवेक या शास्त्रज्ञाचं लहानपण आणि त्याचा शेजारच्या उर्रासवरचा प्रवास ही प्रकरणं आलटूनपालटून येतात, आणि हळूहळू लक्षात येतं की पुस्तकाची ही बांधणीच त्याच्या काळाच्या सिद्धांतासारखी आहे, ते लक्षात आलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. अनारेसवरचा दुष्काळ तर मला परका वाटलाच नाही, आजीकडून ७२च्या दुष्काळातल्या सुकडीच्या आणि खडी फोडायच्या कामाच्या गोष्टी ऐकत वाढलेय मी. समतेवर उभा असलेला समाज उपाशी पडला की कोणाला किती घास हे ठरवणारं कोणीतरी लागतंच, आणि तिथेच सत्ता परत उगवते, हे ले ग्विनने जसं दाखवलंय तसं दुसऱ्या कोणी दाखवलेलं मी तरी वाचलेलं नाही. तेव्हा तिला ह्युगो, नेब्युला, लोकस हे तिन्ही पुरस्कार मिळाले त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. एक पुस्तक जिंकलं की ते अख्खं वर्ष त्याच्या नावावर होतं आणि शेजारची चार पुस्तकं लोकांच्या लेखी लिहिलीच गेली नव्हती अशी होऊन जातात. १९७५ची ह्युगो यादी बघा ना : ‘द डिस्पझेस्ड’, ‘मोट’, फिलिप के. डिकची ‘फ्लो माय टिअर्स, द पोलीसमन सेड’, पोल अँडरसनची ‘फायर टाइम’ आणि ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’. डिकच्या पुस्तकाला निदान कॅम्पबेल मेमोरियल पुरस्कार तरी मिळाला. ‘फायर टाइम’ मला जेमतेम आवडली, त्यावर जास्त काही बोलत नाही. पण नेब्युलाच्या यादीत टॉमस डिशची ‘३३४’ होती, न्यूयॉर्कच्या एका सरकारी बिल्डिंगमधल्या माणसांची, ती ह्युगोच्या यादीतच नाही. आणि ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’चं बरोब्बर उलटं, ती ह्युगोच्या यादीत आहे, नेब्युलाच्या यादीत तिचं नावसुद्धा नाही, आणि तिकडे ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशनने त्याच पुस्तकाला त्या वर्षीचा पुरस्कार दिला! पुस्तक तेच, पानं तीच, फक्त मत देणारे लोक बदलले. मग ‘जिंकलं ते सर्वोत्तम’ असं तुम्ही इतक्या ठामपणे कसं म्हणता?

तुम्ही लिहिलंय की वाचक नावाकडे बघत नाहीत, पुस्तकाकडेच बघतात. मला तसं वाटत नाही, आणि यात कोणावर आरोप नाही. जिचे सभासद मतं देऊन ह्युगो ठरवतात ती वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन, १९७५च्या ऑगस्टमध्ये मेलबर्नला झाली, ऑस्ट्रेलियातली पहिलीच, आणि तिची सन्मान्य पाहुणी होती खुद्द ले ग्विन. तिच्यामुळे मतं फिरली असं मी म्हणत नाहीये, पुस्तक तेवढ्या तोलाचं होतंच. पण ज्या लेखिकेला भेटायला लोक समुद्र ओलांडून येतायत तिचं पुस्तक त्यांनी आधी वाचलेलं असणार, आणि विशी-तिशीतल्या एका इंग्लिश लेखकाचं पुस्तक ‘बघू नंतर’ म्हणून राहिलेलं असणार, हे इतकं साधं आहे. आपल्याकडे त्याच सुमारास काय झालं ते आठवा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला पहिलं बक्षीस मिळालं, ती पाठवणारे नारायण विनायक जगताप म्हणजे जयंत नारळीकर निघाले, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. नारळीकरांसारख्या माणसाला वाटलं की आपलं नाव बाजूला ठेवून कथेला कथा म्हणूनच जोखलं जावं. नावाचं वजन पडतच नसतं तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

आता मुख्य मुद्दा, शेवट. पुढचा परिच्छेद ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी सोडून द्या, खरंच सोडून द्या.

मी हे पुस्तक फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलं, मागचं कव्हर फाटलेलं होतं, त्यामुळे कथा काय आहे याचा काहीच अंदाज नव्हता. एक अख्खं शहर रुळांवरून ओढत नेतायत, मागचे रूळ उखडायचे, पुढे आणून टाकायचे, केबल बांधून शहर विंचने पुढे खेचायचं, आणि थांबलं की संपलं. वय वर्षांत नाही, मैलांत मोजायचं. त्या शहरातला तरुण हेलवर्ड दक्षिणेला तीन बायकांना त्यांच्या गावी पोचवायला जातो आणि वाटेत त्या बुटक्या आणि रुंद होत जातात, डोंगर चपटे होतात, त्याला स्वतःला कोणीतरी दक्षिणेकडे खेचतंय असं वाटतं, या पानांवर मी श्वास रोखून होते. आणि मग शेवटी एलिझाबेथ नावाची इंग्लिश नर्स येऊन सांगते की ही आपलीच पृथ्वी आहे, समोर पोर्तुगालचा किनारा आणि अटलांटिक आहे, आणि तुम्हाला जे दिसतं ते शहरातल्या जनरेटरने तुमच्या नजरेवर केलेला परिणाम आहे. तुम्ही म्हणता, लेखकाने सगळा डाव उधळला आणि पळाला. पण अहो, त्याने सगळे पत्ते आधीपासून टेबलावर ठेवलेले आहेत! आजूबाजूचे गावकरी स्पॅनिश बोलतात. परग्रहावर स्पॅनिश कशी हो? शहरात मुली फार कमी जन्मतात म्हणून गावातल्या बायका मोबदला देऊन आणाव्या लागतात, त्याचंही कारण शेवटी त्याच जनरेटरपाशी येतं. गावकऱ्यांना शहरातल्या लोकांसारखं काहीच कसं वाटत नाही हा प्रश्न आपण वाचताना विचारत नाही, कारण आपण हेलवर्डच्या डोळ्यांनी बघत असतो. म्हणजे फसलेला हेलवर्ड आहे आणि त्याच्याबरोबर आपण. आणि सगळं समजल्यावरही त्याला सूर्य गोल दिसत नाही, वरखाली टोकं निघालेला तसाच दिसतो. पुरावा समोर असून डोळे मानायला तयार नाहीत, ही शोकांतिका आहे, पळवाट नाही.

एक मात्र कबूल करते. एलिझाबेथचं स्पष्टीकरण घाईत उरकलंय आणि जनरेटरमागचं विज्ञान पातळ आहे, तिथे आणखी वीस पानं हवी होती. पण घाई वेगळी आणि फसवणूक वेगळी.

हरलेलं पुस्तक डोक्यावर घेण्याबद्दल. हा आरोप खुद्द प्रीस्टवरही झाला होता. २०१२ साली त्याने आर्थर सी. क्लार्क या ब्रिटनमधल्या विज्ञानकादंबरी पुरस्काराच्या नामांकनांवर जबरदस्त तिखट लेख लिहिला, परीक्षकांनी राजीनामा द्यावा आणि त्या वर्षी पुरस्कारच देऊ नये इथपर्यंत, आणि त्याची स्वतःची ‘द आयलँडर्स’ त्या यादीत नसल्यामुळे लोक म्हणाले की हा जळतोय. परीक्षकांबद्दल तो जे बोलला ते मला पटत नाही, फार लागट होतं. पण त्या लेखामुळे कित्येकांनी ती सहाच्या सहा पुस्तकं वाचायला घेतली असतील, आणि ‘द आयलँडर्स’ला त्याच वर्षी ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशनचा आणि कॅम्पबेल मेमोरियल असे दोन्ही पुरस्कार मिळाले, म्हणजे तो अगदीच हवेत बोलत नव्हता. ‘द प्रेस्टीज’ हा सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, तो याच माणसाच्या कादंबरीवरून. तरी २०२४च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या एकालाही ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’ माहीत नव्हती. म्हणून लिहिलं हो मी.

‘मोट’ मी परत काढलीय, या वेळी सलाम-बिलाम भराभर ओलांडून थेट मोटींपाशी जाणार आहे, आणि झाली की लेखातली ती एक ओळ काढून तिथे नीट परिच्छेद लिहीन. तुम्ही माझ्यासाठी ‘इन्व्हर्टेड वर्ल्ड’चा फक्त दक्षिणेचा प्रवास पुन्हा वाचा, शेवट माहीत असताना, त्या तीन बायकांकडे लक्ष ठेवून. त्या काय बोलतात, त्यांना कशाची भीती वाटते आणि कशाची वाटत नाही, एवढंच बघा आणि मला कळवा.