साखळी एकट्याने ओढता येत नाही

“गरीब जॉर्ज वॉशिंग्टनने सोळाव्या वर्षी, कुणी न शिकवता, नुसत्या नजरेने एकट्याने अख्खा व्हर्जिनिया मोजला. पुढे सरहद्दीवर तो एकही लढाई हरला नाही, गोळी त्याला लागतच नसे.” हा मेसेज दाखवून भाचा विचारतोय, मग सर्व्हेअरचा कोर्स करायचा कशाला? म्हणून हा खटाटोप.

एकट्याने? मोजणीच्या साखळीला दोन टोकं असतात, ती धरायला दोन माणसं लागतात. मार्च 1748 मध्ये तो व्हर्जिनियातला बडा जमीनदार लॉर्ड फेअरफॅक्स याच्या जमिनींवर गेला, तेव्हा मोजणीदार होता जेम्स जेन. वॉशिंग्टनची त्या सफरीची रोजनिशी लायब्ररी ऑफ काँग्रेसने ऑनलाइन ठेवली आहे. फॉरवर्ड करण्याआधी उघडायला हरकत नव्हती. गर्द रानात 66 फुटी गंटर साखळी अडकायची, म्हणून तिकडे बऱ्याचदा 33 फुटी वापरत (33 फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा). काठीवर होकायंत्र बसवायचं, पुढच्या कोपऱ्याची दिशा अंशांत टिपायची, झाडी तोडत साखळ्या मोजत जायचं, कोपऱ्यावरच्या झाडाला कुऱ्हाडीने खूण करायची, असं फिरत पहिल्या कोपऱ्यावर यायचं. कागदावर शेवटची रेघ पहिल्या बिंदूला मिळाली नाही, तर काहीतरी चुकलंय. उतारावर साखळी जमिनीलगत ओढली की अंतर जास्त भरतं. कड्या झिजून ती लांबली की कमी भरतं. जवळ लोखंड असलं की सुई भरकटते. नजरेने मोजणारे बघायचेत तर बांधावरची भांडणं बघा.

कॉलेजात तो गेला नाही, हे मात्र खरं. पण भूमिती गिरवलेल्या त्याच्या वह्या आहेत, आणि 1749 मध्ये सतराव्या वर्षी कल्पेपर काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) मोजणीदारपद मिळालं त्यामागे फेअरफॅक्सचा वरदहस्त होता. पुढच्या तीनेक वर्षांत जवळपास 200 तुकडे मोजले. अख्खा व्हर्जिनिया नव्हे.

गरीब? अकराव्या वर्षी वडील गेले, तेव्हा वाट्याला शेत आणि 10 गुलाम आले.

एकही लढाई हरला नाही म्हणे! 3 जुलै 1754 ला इंग्रजांच्या बाजूने लढताना फोर्ट नेसेसिटी या गढीत त्याने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली. जागा सखल कुरणातली, भोवतालचं रान बंदुकीच्या टप्प्यात. पावसाने खंदक भरले, दारू भिजली. मोजणीदाराने निवडलेली जागा!

गोळ्यांचं अर्धं खरं. 9 जुलै 1755 च्या मोनोंगहेलाच्या लढाईनंतर त्यानेच भावाला लिहिलं, कोटातून चार गोळ्या गेल्या, दोन घोडे पडले. पण त्या दिवशी इंग्रज सेनापती ब्रॅडॉकच्या आघाडीच्या फौजेतले निम्म्याहून जास्त मेले किंवा जखमी झाले. हा वाचला ते नशीब.