‘काटा वर जात होता, तरी चालवत राहिलात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. लेखाखाली जशीच्या तशी आहे, आणि ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी इथे पुन्हा देतो: ‘गाडीतलं ओ की ठो कळत नसताना कष्टकरी मेकॅनिकला बदनाम करायची फॅशन झाली आहे. काटा वर जाताना दिसत होता, तरी चालवत राहिलात. गॅस्केट तुमच्या हलगर्जीपणाने उडालं. कूलंटच्या रंगावरून काही ठरत नसतं, एवढंही तुम्हाला माहीत नाही. बिल मुकाट्याने भरलंत म्हणजे काम मान्य केलंत. आणि जुन्या गाडीत हे होणारच. माझ्या मेहुण्याचं गॅरेज आहे, असली गिऱ्हाइकं रोज बघतो.’

मूळ लेखातली हकीकत थोडक्यात अशी. टायमिंग बेल्ट बदलायला गाडी टाकली. त्या बेल्टवरच वॉटर पंप चालतो, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव (कूलंट) फिरवणारा पंप, म्हणून तोही सोबत बदलला. गाडी हातात आल्यावर थोड्याच दिवसांत एका चढावर, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध असतानाच, तापमानाचा लाल दिवा लागला. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि टो करून त्याच गॅरेजला नेली. तिथे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, उडाल्याचं निदान झालं, ‘तुम्ही गरम गाडी पळवलीत’ असं ऐकवलं गेलं आणि नव्या कामाचा अंदाज हातात ठेवला गेला. तो मी नाकारला आणि गाडी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये हलवली.

आधी तुमच्या भाषेबद्दल. ‘असली गिऱ्हाइकं’ म्हणजे कसली? पैसे मोजून काम करून घेणारी, आणि काम बिघडलं तर विचारणारी? त्या लेखात मी गॅरेजचं नाव घेतलेलं नाही, कोणत्याही मेकॅनिकच्या कष्टांबद्दल वावगा शब्द काढलेला नाही. काय काम सांगितलं, काय झालं, काय सापडलं, एवढंच लिहिलं. त्याला तुम्ही बदनामी म्हणता. मग ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीही ठाऊक नाही अशा माणसाला तुम्ही चारचौघांत हलगर्जी ठरवलंत, त्याला काय म्हणायचं? मतभेद असू द्या. पण समोरचा अडाणी आहे हे गृहीत धरूनच सुरुवात केली की पुढचं बोलणं चर्चा राहत नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणि ‘ओ की ठो’ म्हणालात म्हणून सांगतो. माझे वडील आयुष्यभर फिटर होते. ग्रीसचा वास घरात अंगणापासून स्वयंपाकघरापर्यंत असायचा. त्यांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग होता. तरुणपणी कुणाच्या तरी घाईपायी गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, त्याची ती खूण. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो, पाने पुसून क्रमाने लावून ठेवायचो, आणि काटा तीन चतुर्थांशाच्या पुढे सरकला की गाडी थांबवायची हे मला गाडी चालवता यायच्या आधीपासून माहीत आहे. तेव्हा काट्याकडे दुर्लक्ष करणारा माणूस शोधत असाल तर तुम्ही चुकीच्या दारात आलात.

आता तुमचं ते एक वाक्य. ‘काटा वर जाताना दिसत होता.’

कुणाला दिसत होता? मला दिसला नाही. लेखात मी स्पष्ट लिहिलं होतं की काटा मधोमध होता आणि दिवा एकदम लागला. तुम्ही ते वाचलं नाहीत, किंवा वाचून बाजूला ठेवलंत. काटा मधोमध असताना इंजिन गरम कसं, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता, कारण सगळं प्रकरण त्याच प्रश्नात आहे.

वडिलांच्या काळातल्या गाड्यांत काटा तापमानाबरोबर हळूहळू सरकायचा. आजच्या बहुतेक गाड्यांत तसं नसतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो, आणि त्याच्या आसपासच्या मोठ्या टप्प्यात काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, जरा चढउतार झाला की चालक घाबरू नये म्हणून. म्हणजे काट्यावरून सावध व्हायला वेळ आधीच कमी मिळतो. त्यात सिस्टीममध्ये हवा अडकली असेल तर तो थोडा वेळही हातून जातो. तापमानाचा सेन्सर हा द्रवात बुडालेला असेल असं धरून बनवलेला असतो. त्याच्या टोकाभोवती कूलंटऐवजी हवेचा बुडबुडा बसला तर उष्णता धातूपर्यंत नीट पोचत नाही आणि आकडा मागे राहतो. आजाऱ्याच्या उशाशी हवेत थर्मामीटर धरून ताप नाही म्हणण्यासारखंच ते. मग चढावर, एसी चालू असताना, तो बुडबुडा हलतो, उकळता कूलंट सेन्सरवर येतो आणि दिवा लागतो. तोवर हेडला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हेडला काय होतं तेही सांगतो, कारण ‘गॅस्केट उडालं’ म्हटलं की लोकांना ते पंक्चरसारखं वाटतं. बऱ्याच गाड्यांप्रमाणे माझ्याही गाडीत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. नेहमीच्या तापमानात गॅस्केट आणि बोल्ट हा फरक सांभाळून घेतात. एका कोपऱ्यात कूलंट पोचत नसेल आणि तिथेच उष्णता साचली तर हेड वाकतं. सरळपट्टी ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजताना एक दशांश मिलिमीटरचा बाकही बहुतेक इंजिनांत जास्त समजतात. म्हणजे कागदाच्या जाडीएवढा. एवढ्यावर फेसिंग मारायची, म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करायची, वेळ येते, नवं गॅस्केट लागतं, आणि ज्या इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून बसवायचे असतात तिथे बोल्टही नवेच घालावे लागतात.

हवा अडकली कशी, हा पुढचा प्रश्न, आणि तो गॅरेजला विचारायचा आहे. वॉटर पंप काढला की सिस्टीममधलं बरंचसं कूलंट खाली येतं. साधारण मोटारीत एकूण पाच ते सात लिटर असतं. माझ्या बिलावर कूलंट १ लिटर. त्यात तेवढंच पाणी मिसळलं असं धरलं तरी दोन लिटर झालं. बाकीचं काय भरलं, किती भरलं, याची नोंद कुठेच नाही. जॉब कार्डवर ‘कूलंट टॉप-अप’ असं लिहिलंय. पंप बदलल्यावर टॉप-अप? तुमच्या मेहुण्यांना हे कार्ड दाखवा, ते काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचं आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट मी दुसऱ्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. थर्मोस्टॅटच्या घरावर, सगळ्यात उंच जागी, हवा काढायचा प्लास्टिकचा ब्लीड स्क्रू आहे. त्याच्या खाचेत वर्षानुवर्षांची माती आणि तेल मिळून टणक झालेला काळा थर होता. मेकॅनिकने टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला लावलं. खाचेच्या कडा कोऱ्या, कुठे ओरखडा नाही. त्याला आधी टोच्याने ती खाच मोकळी करावी लागली, तेव्हा कुठे स्क्रू ड्रायव्हर बसला. म्हणजे पंप बदलल्यावर त्या स्क्रूला कुणी हात लावलेला नव्हता. व्हॅक्यूमने कूलंट भरायचं यंत्र असेल तर स्क्रू उघडावा लागत नाही, हे मला माहीत आहे. मी त्या गॅरेजला विचारलंही. तसं यंत्र त्यांच्याकडे नाही, हे त्यांनीच सांगितलं.

इथे एक गोष्ट मी स्वतःहून मांडतो, म्हणजे उद्या तुम्ही ती पुढे करायला नको. गॅस्केट उडाल्यावर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. ब्लॉक टेस्टमध्ये, म्हणजे कूलंटमध्ये तो वायू आहे का हे बघायच्या चाचणीत, निळा द्रव पिवळा होतो तो त्यामुळेच, आणि माझ्या गाडीत तो झाला. तेव्हा नंतर सिस्टीममध्ये हवा सापडली यावरून ती आधीपासून होती असं सिद्ध होत नाही. म्हणूनच मी त्या हवेचा पुरावा म्हणून वापर केलेला नाही. मी खाचेतल्या मातीबद्दल बोलतोय. ती माती गॅस्केट उडाल्यावर तयार होत नाही.

आता ‘चालवत राहिलात’. त्या वेळी नेमकं काय चाललं होतं याचा सुगावा देणारी एक नोंद होती. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीची झालेली ओबीडी पद्धत, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः नोंदवायची सोय, आता जवळपास सगळीकडे आहे. त्यात उत्सर्जनाशी संबंधित बिघाडाचा कोड नोंदला जातो तेव्हा त्या क्षणाची स्थितीही साठवली जाते: वेग, इंजिनचे फेरे, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा भार. फ्रीझ फ्रेम म्हणतात तिला. माझी गाडी टो होऊन आल्यावर त्या गॅरेजने पहिल्यांदा स्कॅनर लावला आणि मला मेसेज केला, ‘कोड आला होता, क्लिअर केला.’ कोड क्लिअर केला की फ्रीझ फ्रेमही जाते. मी दिवा लागल्यावर थांबलो की पळवत राहिलो, याचा थोडा तरी सुगावा देऊ शकणारी नोंद ज्यांनी स्वतःच्या हाताने पुसली, तेच मला पळवलीत म्हणतात, आणि तुम्ही त्यांची री ओढता. त्यांनी ती मुद्दाम पुसली असं मी म्हणत नाही, सवयीनेही पुसली असेल. पण पुसल्यावर तिच्या जागी स्वतःचा अंदाज चिकटवायचा हक्क त्यांना राहत नाही. तुम्हाला तर मुळीच नाही, तुम्ही तिथे नव्हता.

कूलंटच्या रंगाचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. हिरवं, गुलाबी, निळं, रंग ही कंपनीची निवड असते, रंगावरून आतली रसायनं ओळखता येत नाहीत, डब्यावरचं स्पेसिफिकेशन बघावं लागतं. लेखातलं ते वाक्य मी आता तसं सविस्तर केलं आहे. त्याने मूळ तक्रारीत तसूभरही फरक पडत नाही.

बिलाबद्दल फार लिहीत नाही. पहिलं बिल मी भरलं ते बेल्ट आणि पंपाचं. इंजिनच्या आत हवा राहिली आहे की नाही हे काउंटरवर उभं राहून कुणाला दिसतं? पैसे दिले म्हणजे न दिसलेला दोषही पदरात घेतला, हा न्याय तुम्ही स्वतःच्या घराचं प्लंबिंग गळायला लागल्यावर लावून बघा. दुसऱ्या कामाचा अंदाज मी नाकारला, तोही लेखी, आणि दुसऱ्या वर्कशॉपच्या तपासणीआधी हेड उघडू दिलं नाही. मुकाट्याने वगैरे काही झालेलं नाही. हा शब्द तुम्ही कुठून आणलात कळत नाही.

जुन्या गाडीत होणारच, हे तर उत्तर देण्याच्या लायकीचंही नाही. गाडी जुनी होती म्हणूनच बेल्ट आणि पंप बदलायला नेली होती.

तुमच्या मेहुण्यांच्या गॅरेजबद्दल मला आकस नाही, ते नीट काम करत असतील. मी त्यांना एवढंच विचारतोय: व्हॅक्यूमचं यंत्र नाही, ब्लीड स्क्रू उघडायचा नाही, बिलावर १ लिटर कूलंट, आणि तरीही पंप बदलल्यावर सिस्टीममधली सगळी हवा निघाली, हे ते कसं करतात? त्यांना टंकायला वेळ नसेल तर त्यांच्याकडून ऐकून तुम्ही लिहा. पुढच्या प्रतिक्रियेत मी कसा माणूस आहे याबद्दल एकही वाक्य नको, हवा कशी काढली ते पायरी-पायरीने हवं.