भाकरी सोडली म्हणून पोट उतरत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश जोरात फिरतोय: ‘भाकरी-केळी बंद करा. शरीराला साखरेची गरजच नाही. ती मिळाली नाही की पोटाची चरबी जळते. तूप, लोणी, दाणे हवे तेवढे खा. आठवड्यात तीन किलो उतरतात.’

आधी तीन किलोंचं बघू. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं. पिठूळ खाणं बंद केलं की हा साठा आटतो आणि पाणी लघवीवाटे जातं. काटा खाली येतो तो मुख्यतः त्यामुळे. पुन्हा भाकरी सुरू केली की ते वजन परत येतं, आणि माणूस भाकरीला दोष देतो.

‘साखरेची गरजच नाही’ हेही चूक. तांबड्या रक्तपेशी फक्त ग्लुकोजवर, म्हणजे रक्तातल्या साखरेवर चालतात. तुम्ही नाही खाल्लं तर यकृत प्रथिनांतून, ग्लिसरॉलमधून ते बनवतं.

खरा घोळ चरबीबाबत आहे. कर्बोदकं (पिठूळ, गोड खाणं) कमी केली की इन्शुलिन, म्हणजे साखर पेशींत नेणारं आणि चरबी साठवून ठेवणारं संप्रेरक, उतरतं आणि जास्त चरबी जळते, हे खरंच आहे. पण कोणती चरबी? शेवभाजीवर बोटभर तर्री, वर दोन चमचे तूप, मधल्या वेळेला ओंजळभर दाणे. जळतं ते आधी हेच. एका मोठ्या चमचाभर तुपात १३० च्या आसपास कॅलरी असतात, मध्यम केळ्यात शंभरेक. रावेर-यावलची केळी वगळून तूप वाढवलं तर अंगावरच्या साठ्याला हात लागणार कधी?

हे तपासूनही झालंय. अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांच्या गटाने १७ जाड पुरुषांना देखरेखीखाली ठेवून आधी नेहमीचा आणि मग तितक्याच कॅलरींचा किटो आहार (कर्बोदकं अगदी थोडी, चरबी भरपूर) दिला. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: इन्शुलिन झपाट्याने घटलं, पण अंगावरची चरबी आधीपेक्षा वेगाने काही गेली नाही. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर तुलना केली. कमी कर्बोदकांच्या गटाचं वजन सरासरी ६ किलो घटलं, कमी चरबीच्या गटाचं ५.३. म्हणण्यासारखा फरक नाही.

भाकरी सोडून ज्यांचं एकूण खाणंच कमी होतं, ते बारीक होतात. मधुमेह्यांची साखरही अशा आहाराने आटोक्यात येते. पण नेमकं त्यांनाच हा संदेश सगळ्यात धोक्याचा आहे, आणि त्यात औषधांचा एक शब्द नाही याचा मला राग येतो. इन्शुलिनचं इंजेक्शन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असताना अचानक भाकरी तोडली तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर चरबी जळताना तयार होणारे किटोन साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा आणि कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.