पहिली शंभर पानं स्किप करा म्हणे

आज दुपारी भाच्याने एक व्हिडिओ पाठवला, अगाथा ख्रिस्तीच्या 'ॲट बर्ट्रम्स हॉटेल' या रहस्यकादंबरीची अख्खी गोष्ट दहा मिनिटांत. खाली मेसेज, 'मावशी, तुझं फेव्हरिट ना हे? बघ, आता वाचायची पण गरज नाही.' बघितला. त्यातला मुलगा सुरुवातीलाच सांगतो की पहिली शंभर पानं नुसता चहा-नाश्ता आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत, ती सरळ स्किप करा, स्टोरी नंतर सुरू होते. आणि शेवटी खुनी कोण ते सांगून मोकळा. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, संध्याकाळचा स्वयंपाक झाला तरी जात नाहीये, म्हणून लिहितेय.

भाच्यावर राग नाही, त्याने प्रेमाने पाठवलं. राग आहे तो 'स्टोरी नंतर सुरू होते' या वाक्यावर. अरे बाबा, त्या चहातच स्टोरी आहे! तिथे जे चाललंय तोच गुन्हा आहे!

हॉटेलचं गुपित मला खाली सांगावं लागणार, त्याशिवाय भांडताच येणार नाही. खुनी मात्र सांगणार नाही. ज्यांना गुपितही नकोय त्यांनी इथेच थांबा आणि आधी पुस्तक मिळवा.

तर पुस्तक 1965 चं. मिस मार्पल म्हणजे ख्रिस्तीची ती गुन्हे उकलणारी म्हातारी; तिचा भाचा रेमंड वेस्ट आणि त्याची बायको जोन तिला पंधरा दिवस लंडनला राहायला पाठवतात, आणि ती मेफेअरमधलं बर्ट्रम्स हॉटेल मागून घेते, कारण चौदा वर्षांची असताना काका-काकूंबरोबर ती तिथे राहिलेली असते. जाऊन बघते तर सगळं तस्संच. दिवाणखान्यात कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, पितळेच्या लखलखीत बादल्यांत कोळसा भरून ठेवलेला, चांदीच्या किटल्यांतून चहा, लोण्याने निथळणारे मफिन, खरा सीड केक. हेन्री नावाचा भारदस्त माणूस एकेका टेबलाकडे लक्ष ठेवून असतो. खुर्च्या वेगवेगळ्या उंचीच्या, म्हणजे गुडघे धरलेल्या बाईलासुद्धा कोणाचा हात न धरता उठता यावं. सकाळी खोलीत नाश्ता घेऊन येणारी मुलगी फिकट जांभळ्या पट्ट्यांच्या कपड्यात, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, आणि ताटलीत दोन पोच केलेली अंडी, जशी असायला हवीत तशीच. बाहेर लंडन बीटल्सचं झालंय, आणि आत अजून एडवर्ड राजाचा, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा काळ चालू आहे. एका ओळीत ख्रिस्ती हेही सांगून जाते की युद्धात आजूबाजूला एवढं नुकसान झालं तरी 1955 साली हे हॉटेल 1939 साली होतं तसंच दिसत होतं. सहज सांगते. आणि आपण 'वा, किती छान' म्हणत पान उलटतो.

माझी आत्या नव्हती उलटू देत.

आत्याचं मिरजेला लॉजिंग-बोर्डिंग होतं, स्टेशनकडून दवाखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला. पेशंटचे नातेवाईक उतरायचे, बहुतेक कर्नाटकातले आणि कोकणातले. काका गेल्यावर तिने एकटीने चालवलं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्याला पट्टी बांधून पडून राहावं लागायचं, आणि मी कॉलेजच्या सुट्टीत सोबतीला होते. माझ्याकडे हे पुस्तक होतं, लायब्ररीतून आणलेलं. मी इंग्रजीत एक परिच्छेद वाचायचे आणि तिला मराठीत सांगायचे. चहाचा प्रसंग झाला, मला वाटलं आत्याला झोप लागली. तर पट्टीखालून आवाज आला, 'माणसं किती ठेवलीत गं यांनी?'

मी म्हटलं, म्हणजे?

'अगं, शेगड्यांना कोळसा घालायला गडी, चांदी घासायला बाई, वाढपी, खोल्यांवर पोरी, दारात तो पगडीवाला, आचारी तर वेगळेच. आणि गिऱ्हाईक कोण, तर पेन्शनीत गेलेले पाद्री आणि पडकी घरं राखणाऱ्या बायका. हे भाडं त्यांना परवडतं? आणि नाही परवडत तर हे सगळं कोण पोसतंय?'

(दारातला माणूस पगडीवाला नाहीये, लष्करी थाटातला दरवान आहे, तो तिचा तपशील.)

आणि पुढे पुस्तकात हॉटेलातला एक पाहुणा, कर्नल लस्कम, नेमकं हेच विचारतो! मॅनेजर हंफ्रीज त्याला अगदी मोकळेपणाने उत्तर देतो, की आम्ही या जुन्या लोकांना मुद्दाम कमी दरात ठेवतो, कारण ते बसलेले दिसले की वातावरण तयार होतं, आणि त्या वातावरणासाठी अमेरिकन पाहुणे भरपूर पैसे मोजतात. लस्कमचं समाधान होतं. वाचणाऱ्याचंही होतं. आत्याचं झालं नाही. म्हणाली, 'एवढ्याने भागत नाही. मी रोजमेळ लिहिलाय आयुष्यभर.'

आता सांगा, त्या व्हिडिओवाल्या मुलाने हे सगळं उडवलं तर राहिलं काय? मैफलीत विलंबित नको, थेट तराणा लावा म्हणणाऱ्याला गाण्यातला राग कळला असं आपण म्हणतो का? आपल्या लिस्टमधलं तरी कोणी म्हणणार नाही याची मला खात्री आहे.

हॉटेलातल्या म्हाताऱ्या पाहुणीचं, लेडी सेलिना हेझीचंच घ्या. चहा पिता पिता ती सारखी कोणाला तरी ओळखते, हात करते, आणि मग कळतं की तो भलताच माणूस होता. व्हिडिओत याचा उल्लेखसुद्धा नाही. म्हाताऱ्या बाईची नजर अधू झालीय एवढाच अर्थ आपण लावतो, कारण म्हाताऱ्या बायकांचं बोलणं असंच ऐकायची आपल्याला सवय आहे. ख्रिस्तीने ती सवय बरोब्बर पकडली आणि तिच्याआड सगळ्यात मोठा धागा ठेवला. त्या हॉटेलात कोणी कोणासारखं दिसणं हा योगायोग नसतो. अख्खं बर्ट्रम्स एका दरोडेखोर टोळीचं ठाणं आहे, आणि खऱ्या पाद्र्यांच्या, खऱ्या खानदानी बायकांच्या गर्दीत हुबेहूब त्यांच्यासारखी दिसणारी माणसं ये-जा करतात. प्रतिष्ठित माणूस अमक्या वेळी अमक्या ठिकाणी दिसला म्हटल्यावर संशय कोण घेणार? कॅनन पेनीफादर हा विसरभोळा पाद्री लुसर्नच्या परिषदेची तारीख चुकवतो, म्हणून रात्री नको त्या वेळी हॉटेलवर परत येतो, आणि सगळा डाव तिथे फिसकटायला लागतो. त्याचा विसरभोळेपणासुद्धा त्याच 'कंटाळवाण्या' पानांत पेरलेला आहे.

मधे आयरिश मेल गाडीवर दरोडा पडतो. इंग्लंडमध्ये तो खराखुरा मोठा रेल्वे दरोडा 8 ऑगस्ट 1963 ला पडला होता, ग्लासगोहून लंडनला येणारी टपालगाडी थांबवून 26 लाख पौंड नेले होते. पुस्तक त्यानंतर दोनच वर्षांनी आलं, म्हणजे त्या वेळच्या वाचकाला ती पानं वाचताना कालचा पेपर आठवत असणार. आणि लोक म्हणतात ख्रिस्ती जुन्या जगात रमलेली बाई!

हां, खून बराच उशिरा होतो हे मान्य. आई बेस सेजविक आणि मुलगी एल्विरा एकाच वेळी एकाच हॉटेलात, आणि तो शर्यतीच्या गाड्या चालवणारा मालिनोव्स्की दोघींच्याही आयुष्यात, हे जरा जास्तच जुळवून आणलेलं आहे. मिस मार्पल खुर्चीत बसून शेजारच्यांचं बोलणं कानावर पडेल तेवढंच ऐकते, तपास खरा पोलिसच करतात. ठीक आहे. त्याने माझं मत बदलत नाही.

उलट तपास कसा होतो ते बघा. चीफ इन्स्पेक्टर डेव्ही, ज्याला सगळे 'फादर' म्हणतात, दिसायला मंद आणि ढिला वाटणारा माणूस, तो शेवटी कुठे जातो? रॉबिन्सन नावाच्या पैशाच्या जगातल्या जाणकाराकडे. आणि विचारतो काय, तर हे हॉटेल नक्की कोणाचं आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा आत्या पट्टी बांधलेली असताना उठून बसली. 'हेच! हेच मी पहिल्या दिवशी विचारलं!' नर्स धावत आली होती.

मिरजेत लॉज चालवणारी, सातवीपर्यंत शिकलेली बाई स्कॉटलंड यार्डच्या आधी तिथे पोचली, कारण तिने चहाची पानं नीट ऐकली होती. मला आजच्या त्या व्हिडिओचा एवढा राग का येतो याचं कारण हे आहे. त्याने आत्याला विचार करायला जागाच ठेवली नसती. गोष्ट कळणं आणि गोष्टीत आपण राहून येणं यात काही फरकच नाही असं मानणारे लोक वाढत चाललेत आणि त्याला ते वेळ वाचवणं म्हणतात. वाचवलेल्या वेळाचं करतात काय? दुसरा व्हिडिओ बघतात!

लिहिता लिहिता थोडी शांत झाले. खरं तर मला या पुस्तकातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच आहे. मिस मार्पलला ते हॉटेल मनापासून आवडलेलं असतं. इतक्या वर्षांनी आपलं लहानपण जागेवर सापडलं म्हणून ती हरखते, आणि मग तिलाच हळूहळू जाणवायला लागतं की हे खरं नाहीये. जुनं जसंच्या तसं राहिलेलं नसतं, ते कोणीतरी मांडून ठेवलेलं असतं. मागे जाता येत नाही, आयुष्य एकाच दिशेने जातं, हे ती स्वतःशी कबूल करते, रडगाणं न गाता. पुस्तक आलं तेव्हा ख्रिस्ती पंचाहत्तर वर्षांची होती. जुन्या इंग्लंडच्या आठवणी विकून आरामात एक गोड पुस्तक झालं असतं, वाचकांनी आनंदाने घेतलंही असतं. तिने तोच गोडवा चोरांच्या हाती दिला. हे धाडस मला ग्रेट वाटतं, तिच्या जास्त गाजलेल्या पुस्तकांपेक्षाही ग्रेट.

आत्याने नंतर लॉज विकलं. जुने लोक भेटले की म्हणायचे, काय दिवस होते, तुमच्या हातची आमटी आणि तो चौक. ती म्हणायची, 'चौकात पाणी तुंबायचं, आणि उधारी कोणी वेळेवर दिली नाही.' तुटक नव्हती बोलत, हसून बोलायची. पण कोणालाही ते दिवस गुळगुळीत करून देऊ द्यायची नाही.

पुस्तक संपलं त्या दिवशी खुनी कोण ते कळल्यावर ती बराच वेळ बोलत होती, त्या आईबद्दल आणि शेवटी डेव्ही जे म्हणतो त्याबद्दल. ते सगळं मला शब्द न् शब्द आठवतंय, पण इथे लिहिलं तर खुनी कळेल. ज्यांचं वाचून झालंय त्यांनी मेसेंजरवर विचारा, सांगते. आणि कमेंटमध्ये कोणी नाव लिहिलंत तर कमेंट उडवणार आहे, मग ओळखीचे असा नाहीतर नातेवाईक.