मावशी, गोळ्या बंद करू नकोस

काल रात्री मावशीचा फोन. "म्हणजे माझ्यामुळेच झालं का रे त्याला?" तिच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, आणि कुणा शहाण्याने तिला तो फिरता मेसेज पाठवला होता. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी म्हणे सिद्ध केलंय, की हा आजार घरचेच देतात. तेव्हा घरचं वागणं सुधारा आणि गोळ्या बंद करा.

आधी गोळ्यांचंच घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. लेफ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग १९८२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री'त छापून आला. रुग्ण २४, सगळे अशा घरांतले जिथे टोचून बोलणं किंवा जिवाला घोर लावून घेणं फार. निम्म्या कुटुंबांना आजाराची माहिती दिली, नातेवाइकांचा गट जमवला, घरी जाऊन बोलले. नऊ महिन्यांत उरलेल्या गटातल्या अर्ध्या जणांचा आजार उलटला, म्हणजे पुन्हा उफाळला. मदत मिळालेल्यांत एकाचाच. मेसेजवाल्याने इथवर तरी वाचलं असेल, अशी आशा. पण औषध दोन्ही गटांना चालू होतं. सगळ्यांना! कुटुंबाची मदत औषधाच्या जोडीला होती, औषधाऐवजी नव्हे. ज्याच्या नावावर गोळ्या सोडायला सांगता, त्याच्याच प्रयोगात त्या होत्या.

'घरचेच देतात' हेही तसंच. घरातलं टोचून बोलणं, घोर लावून घेणं किती, याचं मोजमाप समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांच्या कामातून आलं, आणि त्यात बघितलं जायचं ते इस्पितळातून घरी गेल्यावर आजार उलटतो का एवढंच. तो आधीच झालेला असायचा. सततच्या टोमण्यांनी तो उलटायला हातभार लागतो, हे मान्य करावंच लागेल. मावशीलाही मी ते सांगितलं. पण रात्र रात्र जागून दमलेली बाई चिडते, तिला गुन्हेगार ठरवायचं?

मेसेजात पुढे, 'आपल्या एकत्र कुटुंबांत हा आजार होतच नाही, चंदीगडमध्ये दिसलंय.' कमाल आहे. रुग्णच नव्हते, तर भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग आणि लेफ यांच्या चमूने तिथे मुलाखती कुणाच्या नातेवाइकांच्या घेतल्या? टोचून बोलणारी घरं लंडनच्या मानाने तिथे कमी निघाली, इतकंच.

आणि लेफ यांनी मनोरुग्णालयं बंद पाडून रुग्ण रस्त्यावर आणले, ही मेसेजातली शेवटची थाप. फ्रायर्न आणि क्लेबरी ही लंडनची मनोरुग्णालयं बंद करायचं ठरवलं आरोग्य प्रशासनाने. लेफ यांच्या चमूने १९८५ पासून तिथून बाहेर पडलेल्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यातल्या बहुतेकांना परत आत जायचं नव्हतं.