आमच्याकडे दळून मिळेल

गेल्या मंगळवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर कडीला चिठ्ठी खोचलेली. सोसायटीचं लेटरहेड, गोल शिक्का आणि मधे मजकूर : 'आपल्या सदनिकेत रात्री दहानंतर घरघंटी चालवली जात असल्याची तोंडी तक्रार प्राप्त झाली आहे. सदर व्यवसाय त्वरित बंद करावा, अन्यथा...' अन्यथाच्या पुढे नुसती टिंबं. म्हणजे काय करणार ते त्यांचंही ठरलेलं नव्हतं.

घरघंटी. घरगुती पिठाची गिरणी. आमच्या घरात दळायचं म्हणाल तर मिक्सरचं चटणीचं भांडं आहे, त्याचंही झाकण हरवलंय. पण मला गिरणीपेक्षा 'व्यवसाय' हा शब्द जास्त लागला. घरी बसून काम करणाऱ्या माणसाबद्दल सोसायटीला नेहमीच एक शंका असते, ती यांनी शिक्का मारून लिहून दिली.

आवाज होता, नाकारत नाही. दिवाळीच्या सुमारास माझ्या कॉम्प्युटरच्या खोक्याचा मागचा पंखा मेला. तापकीर गल्लीतून दुसरा आणला. दुकानदार म्हणाला, "कुठेही चालतो साहेब." बसवला, चालला, आणि चालतच राहिला. काम असो नसो, एकच पट्टी. मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली आहे, त्यामुळे पंखा हळू करायला एखादं बटण असेल अशी आशा मीही केली नव्हती. बघू एखाद्या रविवारी, म्हणून ठेवलं होतं. चिठ्ठी त्या रविवारच्या आधी पोचली.

संध्याकाळी 'पाहणी' झाली. सेक्रेटरी स्वतः आले. वीजखात्यातून निवृत्त, आणि हे कळायला त्यांच्याशी दोन मिनिटंही बोलावं लागत नाही. मागे तक्रारदार म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंच्या हातात स्टीलचा डबा. मला वाटलं, तक्रार केल्याचं वाईट वाटून काहीतरी गोड आणलंय.

"दोन किलोच आहे," काकू डबा माझ्यापुढे करत म्हणाल्या. "ज्वारी. जाड नको, भाकरीचं काढा."

"काकू, आमच्याकडे गिरणी नाहीये."

"असू दे हो. मी कुठे कुणाला सांगतेय?"

"अहो पण तक्रार तुम्हीच केलीत ना?"

"ती रात्रीची केली. आत्ता सात वाजलेत."

या तर्काला उत्तर नव्हतं. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि पदर तोंडात कोंबायला पदर नव्हता म्हणून तिने ओढणी कोंबली होती. सेक्रेटरी तोवर आवाजाच्या रोखाने आत गेले, टेबलाखाली वाकले आणि खोक्यावर दोन टिचक्या मारल्या. मग मोबाइल काढला. त्यात डेसिबल मोजायचं ॲप होतं.

"ध्वनिप्रदूषण नियम, २०००," ते म्हणाले. "निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. हे बघा! बावन्न!"

ते 'बावन्न' म्हणाले तेव्हा आकडा चौऱ्याहत्तर झाला. मी ते दाखवायला गेलो तर माझ्या आवाजाने एकोणसत्तर. मग आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहिलो, तेवढ्यात खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली आणि ॲप गोंधळलं.

"आहे काय हे नक्की?" त्यांनी विचारलं.

"पंखा आहे. कॉम्प्युटर गार ठेवायला."

"मग हळू करा."

"तेच जमत नाहीये."

"रेग्युलेटर नाही?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या सहज विचारला की मला आधी हसू आलं, मग घाम आला. कारण नाही हो. घराघरात, दाराशेजारी, पाच आकड्यांची ती गोल खुंटी असते. तीन वर्षांचं पोर स्टुलावर चढून ती फिरवतं. आणि मी अठरा वर्षं कॉम्प्युटरवर पोट भरतोय.

"याच्यात तसा नसतो. याच्यात शून्य ते दोनशे पंचावन्न आकडे असतात, ते लिहायचे."

"दोनशे पंचावन्न?" ते काकूंकडे वळले. "आपलं पाचात भागतं, नाही का?"

"आमचा तीनवरच असतो," काकू म्हणाल्या. "चारवर कुरकुरतो."

आता मागे हटणं शक्य नव्हतं. दाखवतोच म्हणून मी आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडली आणि आधी तापमानं काढली. प्रोसेसर ४१ अंश. त्याखाली 'ऑक्सटिन' नावाची एक ओळ, तिथे उणे ६१. मदरबोर्डवरच्या चिपला तापमापक जोडायच्या जागा असतात. एखाद्या जागी काहीच जोडलेलं नसलं तरी चिप बिचारी काहीतरी आकडा सांगतेच. हे मला ठाऊक आहे. सेक्रेटरींना नव्हतं.

"उणे एकसष्ट?" त्यांनी चष्मा वर केला. "मग पंखा लावलाय कशाला?"

मी मान खाली घालून टंकत राहिलो. पंख्याचा वेग ज्या फाइलीत असतो तिच्यात ८० लिहायला गेलो. 'परवानगी नाही.' बरोबर, त्याला मालकाचा हक्क लागतो. पुढे 'सुडो' लावून पुन्हा तेच. पुन्हा 'परवानगी नाही'. ही लिनक्सवाल्यांची जुनी ठेच आहे : सुडोने लिहिणारा मोठा होतो, पण फाइल उघडून देणारा हात आपला साधाच राहतो. मधे 'टी' नावाची आज्ञा घालावी लागते. हजारदा वाचलंय. लोकांसमोर आठवलं नाही.

"तुमच्याच घरात तुम्हाला परवानगी नाही?" सेक्रेटरींनी विचारलं. यात टोमणा नव्हता हो, खरीखुरी काळजी होती. तेच जास्त झोंबलं.

मग उभ्या उभ्या त्यांनी रेग्युलेटर या विषयावर दहा मिनिटं घेतली. पूर्वीचे ते डब्याएवढे रेग्युलेटर कसे तापायचे, पंखा कमी केला तरी वीज कशी त्या डब्यातच जळायची, नवे आले तसा कसा फरक पडला. सगळं खरं होतं, आणि चांगलं सांगत होते. एरवी मी चहा टाकायला सांगितला असता. निघताना म्हणाले, "रेग्युलेटर शोधा. असणारच कुठेतरी." काकू डबा ठेवूनच गेल्या.

हेच गृहस्थ आमच्या गल्लीतल्या मंडळाचे खजिनदार आहेत, हे इथे सांगायलाच हवं. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरला सूट देण्याची तरतूद त्याच नियमांत आहे. तीही त्यांना पाठ आहे. गेल्या विसर्जनाला स्पीकरची भिंत कोपऱ्यावर उभी होती तेव्हा आमच्या कपाटातल्या कपबशा आपोआप पुढे सरकत होत्या. त्या दिवशी ॲप कुणी काढलं नव्हतं. मी बोललो असतो, तर 'आपल्या सणाला यांचं काय जातं' हे ऐकावं लागलं असतं. म्हणून बोललो नाही. आणि माझ्या बारा सेंटिमीटरच्या पंख्यावर लेटरहेड. असो.

त्या रात्री बसलो. पहिली पायरी 'सेन्सर्स-डिटेक्ट'. मदरबोर्डवर कुठली चिप आहे ते हा प्रोग्रॅम चाचपडत शोधतो आणि दर वेळी विचारतो, इथे हात लावू का? गुरुजींपुढे बसलेल्या यजमानासारखा मी प्रत्येक ठिकाणी 'मम' म्हणत गेलो. शेवटी चिप सापडली, तिच्याशी बोलणारा 'एनसीटी६७७५' नावाचा ड्रायव्हर लागला, पंख्यांचे आकडे दिसायला लागले. मागचा पंखा, मिनिटाला १६४० फेरे. निदान शत्रूचा वेग कळला.

दुसरी पायरी 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग'. हा एकेक पंखा मुद्दाम थांबवून बघतो की कुठला आकडा पडतो. आधी ताकीद देतो की यात मशीन तापू शकतं, तुमचं तुम्ही बघा. प्रोसेसरचा पंखा थांबला आणि माझा श्वासही. फेरे शून्य. काही सेकंदांनी पुन्हा घरघर सुरू झाली तेव्हा मी खुर्चीच्या हाताला धरून होतो. मग मागच्या पंख्याची पाळी. १६४०. थांब म्हटलं, १६४०. पुन्हा, १६४०. निष्कर्ष आला की या नियंत्रणाचा कुठल्याच पंख्याशी संबंध दिसत नाही. हे वाचताना तो पंखा माझ्या घोट्यावर वारा मारत होता.

मग तो 'मिनस्टार्ट' आणि 'मिनस्टॉप' विचारतो, आणि इथे मात्र मला जरा बरं वाटलं. थांबलेला पंखा सुरू व्हायला जास्त जोर लागतो, फिरता ठेवायला कमी. म्हणून दोन वेगळे आकडे. साताऱ्याला आजोळी माजघरात एक पंखा होता, तो एकवर सुरूच व्हायचा नाही. आजी केरसुणीच्या दांड्याने त्याच्या पात्याला ढोसायची, की मग रात्रभर एकवर मजेत फिरायचा. कुणीतरी माझ्या आजीचा दांडा कॉन्फिग फाइलीत घालून ठेवला आहे, हे बघून गहिवरलो.

बुधवारी फाइल नीट लिहून झाली. गुरुवारी मशीन चालू केलं तर त्या फाइलीप्रमाणे पंखे हाकणारा 'फॅनकंट्रोल' उठायलाच तयार नाही. म्हणे तुमची माहिती जुनी झाली, पुन्हा सगळं करा. काय झालं होतं? चिपच्या फोल्डरचं नाव कालपर्यंत 'एचडब्ल्यूमॉन२' होतं, आज 'एचडब्ल्यूमॉन३' झालं. सुरू होताना जो ड्रायव्हर आधी पोचेल त्याला आधीचा नंबर. एसटी स्टँडावर गाडी तीच, फलाट रोज निराळा, आणि आपण बॅगा घेऊन कालच्याच फलाटावर.

खरं सांगू? मला लिनक्सचा राग नाही येत. त्या चिपचा ड्रायव्हर कुणीतरी चिकाटीने लिहिलाय आणि मला फुकट दिलाय. राग येतो तो याचा, की मदरबोर्डच्या डब्यात जी तबकडी आली तिच्यात विंडोजवाल्यांसाठी रंगीत घड्याळांचा, सरकत्या पट्ट्यांचा अख्खा कार्यक्रम होता. आमच्यासाठी कागदाचा चिटोराही नाही. बोर्डाचे पैसे मी तेवढेच मोजले होते. लिनक्सवाला म्हणून काउंटरवर कुणी दोनशे रुपये कमी केले नाहीत. आणि कुणाला सांगायला जावं तर मित्र म्हणतात, "तुला कुणी सांगितलं होतं लिनक्स टाकायला?"

शुक्रवारी रात्री एक वाजता खोकं उघडलं. तोंडात मोबाइलचा टॉर्च. आत बोटभर धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि मागच्या पंख्याची वायर. काळी, लाल, पिवळी. मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. बोर्डावर पिना चार.

काळी-लाल म्हणजे १२ व्होल्टची वीज. तिसरी पंख्याकडून येते, किती फेरे झाले ते सांगायला. आणि चौथी, जी नव्हतीच, ती पंख्याला हुकूम द्यायला : सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत. बोर्ड इमानेइतबारे त्या रिकाम्या चौथ्या पिनेवर हुकूम सोडत होता, आणि पंखा लाल तारेतून पूर्ण १२ व्होल्ट पिऊन गरगरत होता. बोलता येणाऱ्या पण कान नसलेल्या प्राण्याशी मी तीन रात्री शून्य ते दोनशे पंचावन्न अशा सगळ्या स्वरांत बोललो होतो. कुठेही चालतो, साहेब. चालतोच. थांबत नाही.

तीन तारांच्या पंख्याचा वेग व्होल्टेज कमी करून कमी होतो. ते कुठे करायचं? मशीन सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये गेलो. आतल्या पानावर मागच्या पंख्यापुढे लिहिलेलं, 'पीडब्ल्यूएम', म्हणजे तोच चौथ्या तारेवरचा हुकूम. तिथे 'डीसी', म्हणजे व्होल्टेजने, असं केलं. शेजारी वेगाचा आलेख होता, त्यावर चार ठिपके, माउसने वरखाली करायचे. पाच नाही, चार. दोन ठिपके खाली ओढले.

सातशे फेरे. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज आला. मी अंधारात बसून राहिलो. आनंद होत नव्हता. 'असणारच कुठेतरी' हे वाक्य कानात होतं, आणि ते वीजखात्याच्या आवाजात होतं.

रविवारी सोसायटीची सभा झाली. मी गेलो नाही. सोमवारी नोटीसबोर्डवर इतिवृत्त लागलं : 'ठराव क्र. ४. सदर सदस्याने समितीच्या पाहणीनंतर घरघंटी बंद केली. समितीने समाधान व्यक्त केले.' दुरुस्तीचा अर्ज लिहिलाय. घरघंटी नव्हतीच, सबब बंद केली हे म्हणणं चूक आहे, असं दोन परिच्छेदांत. अजून दिला नाही.

ज्वारीचा डबा परत द्यायला खाली गेलो, तर काकूंनी झाकण उघडून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बंद केलीत? मी तर गहू निवडायला घेतले होते."