‘मॅच म्हणजे स्विचच की!’ असं सांगणाऱ्यांना

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: “एनम म्हणजे सीमधलंच एनम, मॅच म्हणजे स्विच. त्यात वेळ घालवू नका. अडलं तर शेवटी अंडरस्कोअर टाका, नाहीतर अनरॅप करा.” (एनम म्हणजे ठरावीक पर्यायांपैकी एक असणारा प्रकार. मॅच म्हणजे कुठला पर्याय आहे ते बघून त्याची शाखा चालवणं, सीमध्ये स्विच हेच करतो. अंडरस्कोअर म्हणजे ‘उरलेलं सगळं’ पकडणारी शाखा, अनरॅप म्हणजे आतलं मूल्य न तपासता काढून घेणं.) नवशिक्यांचं यात खरंच नुकसान आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एनम एकच? सीचं एनम म्हणजे नावं दिलेले पूर्णांक. रस्टमध्ये प्रत्येक व्हेरिएंट, म्हणजे एनममधला पर्याय, आपला डेटा सोबत ठेवू शकतो. बिलिंगचं उदाहरण घ्या: पैसे रोख आले, यूपीआयने आले किंवा चेकने. यूपीआयसोबत व्यवहार क्रमांक, चेकसोबत नंबर आणि तारीख, रोखीसोबत काहीच नाही. सीमध्ये यासाठी स्ट्रक्ट (माहितीचा गठ्ठा), त्यात युनियन (एकाच जागेत यापैकी एक काहीतरी) आणि आत काय भरलंय ते सांगणारा टॅग, हे सगळं आपणच सांभाळायचं. टॅग यूपीआयचा असताना चेकची तारीख वाचलीत तरी कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही. रस्टमध्ये चेकचा पॅटर्न जुळल्याशिवाय ती तारीख हाती लागतच नाही.

मॅच म्हणजे स्विच? उद्या ‘कार्ड’ हा चौथा प्रकार आला, की जिथे जिथे मॅचमध्ये तो राहिलाय तिथे ई०००४ ही एरर येते आणि बिल्ड अडतं. सीचा कंपायलर जीसीसीही सांगितलं तर इशारा देतो, पण प्रोग्राम तयार होतोच. अंडरस्कोअर टाकलेला असेल तर मात्र रस्टही गप्प बसतो आणि कार्डाचे पैसे बिनबोभाट ‘इतर’मध्ये जातात. पूर्णांकांवर मॅच करताना अंडरस्कोअर बहुतेकदा लागतो. स्वतःच्या एनमवर तो टाकण्याआधी दहादा विचार करा.

अनरॅपचा सल्ला सगळ्यात घातक. नावावरून मूल्य शोधून देणाऱ्या हॅशमॅपला मूल्य मागितलं की मिळतो ऑप्शन, म्हणजे सम (मूल्य आहे) किंवा नन (मूल्य नाही) असलेलं साधं एनम. नन असताना अनरॅप केलं की प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे तिथेच कोसळतो. नलची, म्हणजे ‘काहीच नाही’ला मूल्य समजून वापरण्याची, जी भानगड टाळायला ऑप्शन आहे, तीच आपण परत ओढवून घेतो.

पॅटर्न जुळवणं हे रस्टचं खूळही नाही. एडिंबरात घडलेल्या होप भाषेत हे १९८० सालीच होतं. पायथनमध्ये मॅच २०२१ मध्ये आलं.

शिकताना खरं अडतं ते गार्डपाशी, म्हणजे पॅटर्नला जोडलेल्या जादा ‘इफ’ अटीपाशी. एन या पूर्णांकासाठी ‘एन शून्याहून मोठा’ आणि ‘एन शून्य किंवा लहान’ अशा दोन शाखा लिहिल्या तरी ई०००४ येतेच, कारण सगळे पर्याय झाले का हे तपासताना कंपायलर गार्डमधल्या अटी धरत नाही. शेवटच्या शाखेवरचा गार्ड काढा, काम होतं.